वाऱ्याच्या तोंडावर

मैत्रिणींनो, सायकलवर एकवेळ घाट परवडला, पण समोरचा वारा नको! घाट निदान कुठंतरी संपतो. नगरहून (२०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, तरी तोंडात नगरच येतं) आम्ही दोघं कल्याणला निघालो, ते ऐन जूनमध्ये. मोसमी वारे पश्चिमेकडून येतात. पाऊस सह्याद्रीवरच रिता होतो, पारनेर तालुक्याच्या वाट्याला नुसता वारा. उगीच का तिथल्या डोंगरांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या! आणि कल्याण रस्ता नेमका पश्चिमेलाच जातो.

भाळवणी मागे पडलं आणि उतारावरसुद्धा पेडल मारायची वेळ आली. ह्यांचं लक्ष घड्याळाकडे, माझं गुडघ्याकडे. शिवाय बाईमाणसाची अडचण वेगळीच. रस्त्यावर कुठं आडोसा नाही, म्हणून सकाळपासून पाणी घोट घोटच पीत होते. डोकं गरगरायला लागलं.

"टेम्पो थांबवू का?" ह्यांनी विचारलं. मला रागच आला. म्हटलं, "टेम्पो नको. तुम्ही पुढं चला, मी तुमच्या मागं चिकटून येते." पुढच्या सायकलच्या आडोशाला वारा खरंच कमी लागतो.

एका वस्तीवर मावशींनी न सांगताच न्हाणीघर दाखवलं, मीठ-साखरेचं पाणी दिलं. वर विचारलं, "का गं बाई, यष्टी बंद हाय का?"

सुमारे ४० किलोमीटरवरच्या टाकळी ढोकेश्वरला पोचायला दुपारचे तीन वाजले. लेण्याच्या पायऱ्या काही ह्यांना चढवेनात. ते सायकली राखत बसले. मी वर जाऊन सप्तमातृका निवांत बघून आले.