मिरा रोडच्या रुग्णालयातला एक वेगळा विभाग

ऑपरेशनच्या आदल्या रात्री पेशंटला पडणारे सगळेच प्रश्न डॉक्टरांसाठी नसतात. ‘माझ्याच वाट्याला हे का आलं?’ याला केसपेपरवर रकाना नाही. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो की कल्याणचं रुक्मिणीबाई, ही बाजू घरचेच सांभाळतात. उशीखाली स्वामींचा फोटो, पुडीतली उदी, दंडाला ताईत, मोबाइलवर बारीक आवाजात रामरक्षा. सिस्टर काणाडोळा करतात, आणि तेच शहाणपणाचं.

ठाणे जिल्ह्यातल्या एका रुग्णालयाने मात्र या कामाला रीतसर विभाग दिला. मिरा रोडचं भक्तिवेदांत रुग्णालय १९९८ साली सुरू झालं. ते चालवणारा श्री चैतन्य सेवा ट्रस्ट इस्कॉनच्या परंपरेतला. मेडिसिन, सर्जरी यांच्या पंक्तीला तिथे आध्यात्मिक सेवेचा विभाग बसतो. मृत्यूच्या उंबरठ्यावरच्या रुग्णांसाठी याच मंडळींनी वृंदावनात शुश्रूषागृहही उभारलं.

आपल्याकडे हे अगदीच नवं नाही. मिरजेत डॉ. वानलेस यांचं मिशन रुग्णालय १८९४ पासूनचं, आणि मिशनच्या दवाखान्यांत औषधाबरोबर प्रार्थना असायचीच. पण तिथे धर्मप्रसाराचा हेतूही असे. या कामाला प्रशिक्षणाची शिस्त लावली अमेरिकेतल्या अँटन बॉइसन या पाद्र्याने. १९२० मध्ये तो स्वतःच मनोरुग्णालयात दाखल झाला होता. भ्रमांच्या त्या काळात आपल्याशी नीट बोलणारं कोणी नाही, हे त्याने सोसलं. बरा झाल्यावर तो वूस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मसेवक म्हणून गेला आणि १९२५ पासून धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पोथ्या बाजूला ठेवून रुग्णांपाशी बसवू लागला. उपदेश नंतर, आधी ऐका. १९०१ पासून मनोरुग्णालय असलेल्या ठाण्याला हा माणूस परका वाटू नये. पुढे लंडनच्या डॉ. सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस काढलं. शरीर, मन, कुटुंब आणि श्रद्धा या चारही अंगांनी दुखणं येतं, असं त्या मांडत.

मिरा रोडची खरी कसोटी इथेच आहे. रुग्णालय वैष्णवांचं आणि वस्ती सरमिसळ. नयानगरचा मुसलमान, भाईंदरचा जैन, उत्तनचा ख्रिस्ती कोळी, देव न मानणारा एखादा पेन्शनर, सगळेच इथले शेजारी. आजारी माणूस दुबळा असतो. त्याला ‘नको’ म्हणणं जड जातं. म्हणून आध्यात्मिक सेवेतला पहिला प्रश्न ‘तुम्हाला कशाने बळ मिळतं?’ हाच हवा. उत्तर नमाज असेल, नातवाचा फोन असेल, नाहीतर नुसतं गप्प बसणं असेल. त्यात आपला देव पुढे सरकवला की सेवा संपून प्रचार सुरू होतो.

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत धर्मसेवक पगारी असतात, आता धर्म न मानणारेही त्यात आहेत. आपल्या सरकारी रुग्णालयांत त्यातल्या त्यात जवळचं पद समाजसेवा अधीक्षकांचं, पण त्यांचा दिवस मदतनिधीच्या कागदांत जातो. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी आपल्या रुग्णालयांत देव आणू नये. पण खाटेशेजारी स्टूल ओढून ऐकणारा एक प्रशिक्षित माणूस जरूर नेमावा.