वल्ह्याची होडी आणि आपली प्रकृती

दिवाळीच्या आधी साठी उलटलेले एक निवृत्त शिक्षक दवाखान्यात आले. रक्तदाब आटोक्यात, गोळ्या नियमित. पण चेहरा काळजीचा. मुलाने तारकर्ली-देवबागचा बेत आखला होता आणि कर्ली नदीत छोट्या वल्ह्याच्या होडीतून फिरायचे ठरले होते. "डॉक्टर, मला झेपेल का?"

"गुरुजी, दोन जिने न थांबता चढता का?" मी विचारले. ते रोज टेकडीवरच्या देवळात जातात. मग हरकत कसली?

या होड्या दोन प्रकारच्या. एका पात्याच्या वल्ह्याने चालते ती कनू आणि दोन्ही टोकांना पाती असतात ती कयाक. संथ पाण्यात दोन्ही नवख्याला तासाभरात जमतात. देवबाग म्हणजे एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. काठाला माड आणि कांदळवन. पाणी शांत दिसते, पण ते भरती-ओहोटीचे आहे. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा कोकणातला जुना आडाखा. म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास. तो ढोबळच आहे, म्हणून वेळ तिथल्या माणसालाच विचारावी. ओहोटीचे पाणी संगमाकडे, भोगव्याच्या बाजूला ओढते. नवख्याने तिकडे फिरकू नये.

वल्हवताना खांदे दुखतात, कारण आपण नुसत्या हातांनी ओढतो. पाठ ताठ ठेवून कमरेपासून अंग वळवावे, मूठ सैल धरावी. दुसऱ्या दिवशी अंग ठणकले तर घाबरू नये, दोन-तीन दिवसांत जाते. परंतु वल्हवतानाच छातीत दडपल्यासारखे झाले, कळ जबड्यात किंवा डाव्या हातात गेली, दरदरून घाम आला, तर तो स्नायूंचा थकवा समजू नये. तिथेच थांबून सरळ रुग्णालय गाठावे. मधुमेहाची इन्शुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्यांनी उपाशी पोटी बसू नये. खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. फिट्स येणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊच नये. दारू घेतलेल्याला तर काठावरच बसवावे, मग तो जावई का असेना! कांदळाच्या मुळांना आणि खडकांना चिकटलेली कालवे पाय कापतात, म्हणून पायात काहीतरी हवे. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते तेही आठवून पाहावे.

आता जाकीट. पट्टीचा पोहणारासुद्धा डोक्याला मार लागला की बुडतो, तेव्हा ते सर्वांनी घालायचे. सगळे बंद आवळल्यावर दुसऱ्याला ते खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगावे. कानापर्यंत आले तर ढिले आहे. पाण्यात ते वर राहील आणि माणूस खालून निसटेल.

मी नवीन व्यवसाय सुरू केला तेव्हाची गोष्ट. नदीतून काढलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाजवळ मला बोलावले. कोणी त्याचे पोट दाबत होते, कोणी पाय धरून उलटे गरगर फिरवत होते. सगळे जीव तोडून करत होते. पण दहा मिनिटे गेली होती. मुलगा वाचला नाही. ती गर्दी अजून डोळ्यांपुढून जात नाही.

बुडालेला माणूस पोटातल्या पाण्याने दगावत नाही, मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने दगावतो, आणि मेंदू चार-पाच मिनिटांतच बिघडू लागतो. पाणी काढण्यात वेळ घालवला की श्वास द्यायचा राहतो. शिवाय पोट दाबल्याने उलटी होऊन ती फुफ्फुसात जाते. बेशुद्ध आहे आणि श्वास नाही असे दिसताच एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने त्याला उताणे निजवून डोके मागे, हनुवटी वर करावी, नाक चिमटीत धरून तोंडाने ५ श्वास द्यावेत. प्रत्येक श्वासाला छाती वर यायला हवी. मग छातीच्या मधोमध ३० दाब, २ श्वास, पुन्हा ३० दाब. मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, मोठ्या माणसाची छाती किमान ५ सेंटिमीटर दबेल इतक्या जोराने. मदत येईपर्यंत थांबायचे नाही. श्वास सुरू झाला तर कुशीवर वळवावे, ओले कपडे काढून अंगावर कोरडे पांघरूण घालावे. उठून बसला, चहा मागू लागला, तरी रुग्णालयात न्यावेच. फुफ्फुसात गेलेले पाणी काही तासांनीही त्रास देते.

गुरुजी परवा येऊन गेले. तळहाताला दोन फोड, नाक उन्हाने सोललेले, स्वारी खुशीत. त्यांना मिळालेल्या जाकिटाचा एक बंद तुटका होता. त्यांनी दुसरे मागितले. होडीवाला कुरकुरला, मुलगाही म्हणाला, "बाबा, चला हो." गुरुजी दुसरे जाकीट येईपर्यंत दहा मिनिटे काठावरच बसून राहिले.