घाटात पिकअप का दमते?

'कार्य, ऊर्जा आणि शक्ती' हा पाठ संपल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, आमच्या पिकअपला चिप बसवली तर ती करूळ घाटात ओढंल काय?" त्याचे वडील कोल्हापुरातून गूळ व भाजीपाला घेऊन कोकणात उतरतात आणि हंगामात आंब्याच्या पेट्या भरून गगनबावड्याकडे चढतात. भरलेली गाडी चढाला दमते, म्हणून कुणीतरी चिप सुचवली होती. खर्च बराच होता. प्रश्न पाठातलाच होता, तेव्हा आम्ही फळ्यावर आकडे मांडले.

किती शक्ती लागते?

मालासह गाडीचे वस्तुमान ३,००० किलोग्रॅम धरू. चढ १५ मीटरला १ मीटर असेल तर गाडीला मागे ओढणारे बल ३,००० × ९.८ ÷ १५, म्हणजे १,९६० न्यूटन होते. टायर लोळताना होणारा विरोध साधारण ४४० न्यूटन. एकूण झाले २,४००. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. बल गुणिले वेग केले की उत्तर येते सुमारे २० किलोवॅट, म्हणजे २७ अश्वशक्ती.

अशा अनेक गाड्यांच्या इंजिनाची कमाल शक्ती ७० अश्वशक्ती किंवा त्याहून अधिक असते. मग २७ अश्वशक्तीसाठी गाडी का दमावी?

कारण कमाल शक्ती ठरावीक फेऱ्यांनाच मिळते. शक्ती म्हणजे इंजिनाचा पीळ (टॉर्क) गुणिले फिरण्याची गती. २०० न्यूटन-मीटर पीळ असलेले इंजिन मिनिटाला १,००० फेऱ्यांवर जेमतेम २१ किलोवॅट देते, तर २,००० फेऱ्यांवर ४२. शिवाय कमी फेऱ्यांवर टर्बोला पुरेसा धूर मिळत नाही; त्यामुळे पीळही पूर्ण मिळत नाही. डिझेल वाचेल या समजुतीने वरच्या गिअरमध्ये गाडी रेटली, की ती दमते. एक गिअर खाली टाकणे हा बिनपैशाचा उपाय आहे.

इंजिनाला हवे काय? हवा!

१ किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण १४.५ किलो हवा लागते. १ लिटर डिझेल सुमारे ०.८३ किलो भरते. म्हणजे त्याला १२ किलो हवा हवी. कोल्हापूरच्या उंचीवर ही हवा सुमारे ११ घनमीटर जागा व्यापते. एका लहान खोलीएवढी! प्रत्यक्षात धूर टाळण्यासाठी इंजिनाला याहूनही जास्त हवा द्यावी लागते.

चिप मुख्यतः जास्त डिझेल आत सोडायला लावते. त्या प्रमाणात हवा वाढली नाही, तर जादा डिझेल अर्धवट जळते, काळा धूर येतो आणि इंजिनातून निघणारे वायू अधिक तापतात. त्याचा ताण पिस्टन व टर्बोवर पडतो, आणि वाढलेला पीळ क्लच व गिअरबॉक्सला सोसावा लागतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. तीही लवकर तुंबते.

टर्बोने दाबलेली हवा १०० अंशांच्या पुढे तापते, आणि तापलेली हवा विरळ असते. इंटरकूलर तिला थंड करतो. १२० अंशांची हवा ६० अंशांवर आणली, तर तेवढ्याच दाबाला ती सुमारे १८ टक्के दाट होते. म्हणून गाडीला मुळात असलेला इंटरकूलर चिखल व किड्यांनी माखलेला नाही ना, हे आधी पाहावे.

मग निवड कशी करावी?

आधी हरवलेली शक्ती परत मिळवावी. शिवाजी उद्यमनगरातला अनुभवी मिस्त्रीही आधी एअर फिल्टर, टर्बोचे होजपाइप, इंजेक्टर आणि इंजिनाचे कॉम्प्रेशन तपासील. दुसरे पाहायचे ते टायर. दिसायला मोठे टायर घातले आणि त्यांची त्रिज्या ५ टक्क्यांनी वाढली, तर त्याच पिळाला रस्त्यावरची ओढ जवळपास ५ टक्क्यांनी घटते. एवढे करूनही गाडी कमी पडत असेल, तर मालाचे वजन मर्यादेत आहे का ते पाहावे. इंजिनातले बदल सर्वांत शेवटी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

चढ संपतो, उतार राहतो

मुलांना सर्वांत विचारात पाडले ते शेवटच्या गणिताने. हीच गाडी ५०० मीटर खाली उतरली, तर १४७ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. या चढाच्या हिशेबाने तो रस्ता साडेसात किलोमीटरचा. त्यात टायरचा विरोध सुमारे ३३ लाख ज्यूल खातो. उरलेली ११४ लाख ज्यूल ऊर्जा एकट्या ब्रेकने शोषली आणि ब्रेकचे लोखंड ५० किलो धरले, तर हवेने थंड होणे सोडून दिल्यास त्याचे तापमान सुमारे ५०० अंशांनी वाढेल! इतक्या तापलेल्या ब्रेकची पकड सुटते. जुन्या, पाणी शोषलेल्या ब्रेक ऑइलला उकळी फुटू शकते, मग पेडल नुसतेच खाली जाते. चिप चढाला मदत करील, पण उताराला तिचा काही उपयोग नाही. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा चालकांचा जुना नियम शास्त्रशुद्ध आहे. इंजिन ऊर्जेचा मोठा वाटा स्वतः घेते आणि ब्रेक थंड राहतात.

हे गणित आपल्या वर्गातही करून पाहावे. जवळच्या घाटाची उंची आणि गावातल्या एखाद्या गाडीचे वजन घ्यावे. आमच्या विद्यार्थ्याने वही घरी नेली. आठवड्याने तो म्हणाला, "सर, चिप राहू दे म्हणाले पप्पा. फिल्टर बदलला, आन् ब्रेकचं काम करून घेतलं."