तीन टक्के अरब म्हणजे नेमकं काय?

रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठची कितीतरी कोकणी मुस्लिम घरं कुवेतमध्ये नोकरीधंद्याला आहेत. ‘आपले वाडवडील अरबी गलबतांतून कोकणात उतरले’ ही गोष्ट त्यांतल्या अनेकांनी लहानपणापासून ऐकलेली असते. समजा, कुवेतच्या फहाहीलमध्ये राहणाऱ्या अशाच एका घरातल्या मुलाने हौसेने आपली लाळ नळीत भरून परदेशी कंपनीकडे पाठवली. काही आठवड्यांनी मोबाइलवर अहवाल आला: दक्षिण आशिया ९७ टक्के, अरबी द्वीपकल्प ३ टक्के. लगेच घरात दोन तट पडले. अब्बा म्हणाले, “बघ, मी सांगत होतो ना!” धाकटी बहीण म्हणाली, “तीनच? मग कसले आपण अरब!”

दोघंही घाई करताहेत. त्या तीनचा अर्थ लावायचा तर आधी तो तयार कसा होतो ते पाहायला हवं.

लाळेत आपल्या पेशी असतात आणि पेशींत डीएनए. त्यातला आई किंवा वडिलांकडून आलेला एक संच सुमारे ३०० कोटी अक्षरांचा असतो. माणसामाणसांत ती जवळजवळ सगळी सारखीच असतात, म्हणून कंपनी सगळी वाचत बसत नाही. जिथे माणसं एकमेकांपासून वेगळी निघतात अशी सहा-सात लाख ठिकाणं ती एका चिपवर तपासते. इथपर्यंतचं काम प्रयोगशाळेचं असतं आणि ते बरंच अचूक असतं.

पुढचं काम अंदाजाचं. कंपनीकडे आपल्या पूर्वजांचा नमुना नसतो. तिच्याकडे असतात आज हयात असलेल्या लोकांचे नमुने. ज्यांची घराणी कित्येक पिढ्या एकाच भागात राहिली अशांचे गट केलेले असतात. त्यांना संदर्भगट म्हणू. मुलाच्या डीएनएचे लहान लहान तुकडे करून प्रत्येक तुकडा कोणत्या गटाशी जास्त जुळतो हे संगणक ठरवतो. म्हणजे ‘३ टक्के अरब’चा सरळ अर्थ एवढाच: कंपनीने ज्यांना अरब म्हटलं, त्यांच्याशी यातले तीन टक्के तुकडे इतर गटांपेक्षा जास्त जुळले. संदर्भगटात नवे लोक आले की हिशेब बदलतो. म्हणूनच तोच नमुना असूनही वर्षभराने अहवालातले टक्के वेगळे दिसतात, आणि दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

शिवाय ‘अरब’ हा गटही काही एकजिनसी नाही. कुवेतच्या दसमान मधुमेह संस्थेतल्या संशोधकांनी २०१३मध्ये कुवेती नागरिकांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा या छोट्याशा देशातच तीन उपगट दिसले. एकाचं नातं इराणकडे जात होतं, दुसऱ्याचं सौदी टोळ्यांकडे, तर तिसरा भटक्या बेदुईन लोकांचा आणि त्यात आफ्रिकी अंशही होता. यांतल्या कोणाला नमुना म्हणून धरायचं, यावर आपले तीन टक्के अवलंबून असतात.

आता तीनचं गणित करू. आई-वडिलांकडून निम्मा-निम्मा, आजी-आजोबांकडून सरासरी चौथा हिस्सा, असा प्रत्येक पिढीमागे हिस्सा अर्धा होतो. पाच पिढ्या मागे, म्हणजे खापरपणजोबांच्या आई-वडिलांच्या पिढीत, ३२ पूर्वज असतात आणि प्रत्येकाचा वाटा साधारण तीन टक्के. तेव्हा दीडेकशे वर्षांपूर्वीचा एकच अरब पूर्वज हा आकडा देऊ शकतो. यात अशक्य काही नाही. आखात आणि मुंबई यांच्यातला खजुराचा, मोत्यांचा, लाकडाचा व्यापार जुना. कुवेतमध्ये १९६१ साली दिनार आला, तोपर्यंत व्यवहार रुपयांतच चालत. पण फार जुने, अनेक अरब पूर्वज मिळूनही तीन टक्के होऊ शकतात. आणि इतका लहान आकडा निव्वळ गणिताची चूकही असू शकतो.

यातलं खरं काय, हे तुकड्यांच्या लांबीवरून कळतं. दर पिढीत आई-वडिलांच्या डीएनएची नव्याने सरमिसळ होते आणि तुकडे आखूड होत जातात. लांबलचक सलग तुकडा अलीकडच्या पूर्वजाकडून आलेला असतो. बारीक, विखुरलेले तुकडे जुन्या काळाचे. कोकणातल्याच मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल या ज्यू समाजाचं कोडं काही अंशी असंच सुटलं. त्यांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं आणि वाचलेली सात जोडपी म्हणजे आपले पूर्वज. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा असे दोन्ही अंश ठळक दिसले. ही सरमिसळ अंदाजे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीची निघाली, आणि ज्यू वाटा पुरुषांकडून तर भारतीय वाटा स्त्रियांकडून जास्त आलेला दिसला. जहाज फुटलं की नाही, हे मात्र डीएनए सांगत नाही.

स्त्री-पुरुषांच्या वाटांचा माग दोन धाग्यांवरून लागतो. वाय गुणसूत्र फक्त बापाकडून मुलाकडे जातं. मायटोकाँड्रियाचा डीएनए आईकडून सगळ्या मुलांना मिळतो, पण पुढे मुलीच नेतात. अहवालात या धाग्यांना ‘जे१’, ‘एम’ अशी नावं असतात. जे१ अरबस्तानात फार आढळतो. पण त्याचाच भाऊबंद जे२ भारतातही भरपूर आहे, त्यामुळे जे२ निघाला म्हणून पूर्वज अरब ठरत नाही. आणि हा धागा दहा पिढ्यांमागच्या १,०२४ पूर्वजांपैकी एकाचाच असतो.

त्या १,०२४पैकी साधारण निम्म्यांचा तर एकही तुकडा आपल्यापर्यंत पोहोचलेला नसतो. म्हणून हजार वर्षांपूर्वी खरोखर अरब पूर्वज आला असेल आणि अहवालात शून्य दिसेल; दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या. त्याच कारणाने सख्ख्या बहिणीच्या अहवालात तीनऐवजी एक टक्का आला तरी गोंधळून जायला नको. तिला आई-वडिलांकडून वेगळे तुकडे मिळालेत. अहवालात ‘नातेवाईक’ म्हणून येणारी यादीही जपून वाचावी. पिढ्यान् पिढ्या जवळच्या घरांत सोयरिक होत आली असेल, तर लांबचं नातं संगणकाला जवळचं वाटतं.

मग घरातला वाद मिटवायचा कसा? अब्बा आणि अम्मी दोघांची चाचणी करून. मुलात दिसणारा अरबी तुकडा दोघांपैकी एकात तरी असायलाच हवा. अब्बांकडे सहा टक्के निघाले, तर तो अंश खरा आणि त्यांच्या बाजूचा. दोघांकडेही नसेल, तर मुलाचे तीन टक्के म्हणजे हिशेबातला घोळ.

पण मुलाची लाळ आई-वडिलांबद्दलही बोलते, आणि ती कधी नको तेही बोलते: सख्खे मानलेले सख्खे नाहीत, असंही कळू शकतं. म्हणून नमुना द्यायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं का, हा प्रश्न येतो. कुवेतमध्ये तो फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. जून २०१५मध्ये इमाम सादिक मशिदीत बॉम्बस्फोट झाल्यावर नागरिक, परदेशी रहिवासी आणि पाहुणे अशा सर्वांना डीएनए नमुना सक्तीचा करणारा कायदा झाला. नकार देणाऱ्याला कैद आणि दंड होता. ऑक्टोबर २०१७मध्ये घटना न्यायालयाने तो रद्द केला. हौसेच्या चाचणीत सक्ती नसते, पण नमुना परक्याच्याच ताब्यात जातो. ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या अमेरिकन कंपनीतून २०२३मध्ये सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि २०२५मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

म्हणून अब्बांपुढे नळी धरण्याआधी त्यांना एवढं तरी विचारावं: उत्तर आपल्या गोष्टीपेक्षा वेगळं आलं, तर चालेल का? ते ‘नको’ म्हणाले, तर तीन टक्क्यांचं कोडं तसंच राहू द्यावं.