आपला प्रभाग, आपला नगरसेवक (भाग ६) : आधी यादी, मग प्रचार

गेल्या भागात आपण उमेदवारी अर्जाची कागदपत्रं पाहिली: प्रतिज्ञापत्र, थकबाकी नसल्याचा दाखला, राखीव जागा असेल तर जात पडताळणी, शिवाय त्याच प्रभागातले सूचक आणि अनुमोदक. ही धावपळ शेवटच्या आठवड्यातली. आज लिहितो आहे ते तिच्या कितीतरी आधी हाती घ्यायच्या कामाबद्दल. पक्षाचं तिकीट नसलेला, वस्तीतल्या आणि सोसायट्यांतल्या लोकांनी मिळून उभा केलेला उमेदवार बहुतेक वेळा मतदार यादीपाशीच मागे पडतो. प्रचाराला सुरुवात होते तेव्हा त्याच्या हातून वेळ गेलेली असते.

यंदाचं वेळापत्रकच पाहा. २९ महापालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. निवडणूक जाहीर झाली १५ डिसेंबरला. अर्ज माघारी घ्यायची मुदत २ जानेवारी, चिन्हवाटप ३ जानेवारी आणि जाहीर प्रचार थांबला १३ तारखेच्या संध्याकाळी. पक्षाचं चिन्ह लोकांना वर्षानुवर्षं तोंडपाठ असतं. अपक्षाला शिट्टी मिळणार की कपबशी, हे ३ तारखेला कळतं. त्यानंतर पत्रकं छापायची, बॅनरची परवानगी काढायची, चिन्ह लोकांच्या लक्षात आणून द्यायचं. हाताशी जेमतेम दहा दिवस.

आता पुण्याचा हिशेब करू. प्रभाग ४१, जागा १६५, मतदार सुमारे ३५ लाख. म्हणजे एका प्रभागात सरासरी ८५ हजार मतदार. उमेदवाराने रोज दोनशे घरांचे जिने चढले, तरी दहा दिवसांत दोनच हजार घरं होतात. पक्षाच्या उमेदवाराला हे जमतं, कारण त्याचे बूथप्रमुख पाच वर्षं तिथेच असतात.

त्यात चार सदस्यांचा प्रभाग. मतदाराला अ, ब, क, ड अशा चारही जागांसाठी बटण दाबावं लागतं, नाहीतर नोटा. प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा. पहिल्या दोन जागांना एकच पक्षचिन्ह दाबणारा माणूस तिसऱ्या जागेलाही त्याच चिन्हाकडे जातो. आपला माणूस ‘क’ जागेवर असेल, तर मतदाराला तिथे थांबून वेगळं चिन्ह शोधायला सांगावं लागतं. पुण्यात २००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ ला एकाचा, २०१२ ला दोनाचा, २०१७ पासून चाराचा. नियम दर निवडणुकीला असा हलत राहिला, तर स्थानिक कार्यकर्त्याने आपला भाग बांधायचा कसा? माझं मत स्पष्ट आहे: एक प्रभाग, एक नगरसेवक हीच पद्धत नागरिकाच्या बाजूची आहे. रस्त्यावर खड्डा पडला की चौघांतल्या नेमक्या कोणाला विचारायचं, हा प्रश्नही तिथे उरत नाही.

मुंबईत ती पद्धत आहे. २२७ प्रभाग, २२७ नगरसेवक. २००७ मध्ये जुहूतून ॲडॉल्फ डिसोझा रहिवाशांचे उमेदवार म्हणून निवडून आले. अशी उदाहरणं थोडी आहेत, हे मान्य करूनच पुढे जायला हवं. २०१७ मध्ये मुंबईत अपक्ष निवडून आले ते पाच. शिवाय अपक्ष म्हटला की तो लोकांचा उमेदवार, असंही नसतं. तिकीट न मिळालेला बंडखोरही कागदावर अपक्षच.

दहा दिवसांच्या प्रचारात हे अंतर भरून निघत नाही, म्हणून आधी मतदार यादी. ती हातात घेतली की आधी गोंधळायला होतं. पानभर चौकटी. प्रत्येकीत अनुक्रमांक, नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग, ओळखपत्राचा क्रमांक. घर क्रमांकाच्या जागी कुठे फ्लॅट नंबर, कुठे सोसायटीचं अर्धं नाव, कुठे नुसती रेघ. एकाच घरातली माणसं वेगवेगळ्या पानांवर. अशा यादीत आपली इमारत शोधायची, तर तिथे पंचवीस-तीस वर्षं राहिलेल्या कुणाला तरी शेजारी बसवावं लागतं. अशी माणसं प्रत्येक इमारतीत असतात. ती वाचता वाचता सांगतात: हे घर विकून गेले, हे वारले, ही मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, हे भाडेकरू चार वर्षं इथेच आहेत पण नाव अजून जुन्या पत्त्यावर. पेन्सिलीने खुणा करत जायचं. एका इमारतीला एक संध्याकाळ जाते, पण त्या संध्याकाळीच उमेदवाराला कळतं की त्याच्या हक्काच्या मतांपैकी मुळात किती यादीत आहेत.

आणि इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, पण मतदार नोंदवत नाही. विधानसभेची यादी घेऊन तिचे प्रभागनिहाय तुकडे होतात. यंदा १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. प्रारूप यादी नोव्हेंबरमध्ये लागली. नाव चुकून शेजारच्या प्रभागात गेलं असेल, तर हरकत घेता येत होती. पण जे नाव मूळ यादीतच नव्हतं, ते त्या टप्प्यावर घालता आलं नाही. डिसेंबरात घोषणा ऐकून जागे झालेल्यांच्या हातात त्यामुळे काही उरलं नाही.

मूळ यादीचं काम मात्र बाराही महिने चालतं. नवीन नावासाठी अर्ज क्रमांक ६, पत्ता बदलला असेल किंवा दुरुस्ती असेल तर ८, नाव वगळण्यासाठी ७. अठरा पूर्ण होण्याची पात्रता तारीख आता वर्षातून चार वेळा येते: जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची १ तारीख. कॉलेजात जाणारी मुलं आणि भाडेकरू या दोघांकडे पक्षाचे कार्यकर्ते फारसे फिरकत नाहीत. आपण फिरकावं. अर्ज भरून देताना कुणाला मत द्याल, हे विचारू नये. नाव आलं की माणूस लक्षात ठेवतो, एवढा माझा अनुभव.

पुढच्या महापालिका निवडणुकीला बराच अवकाश आहे. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर यादी मोफत मिळते. या रविवारी आपल्या इमारतीचा यादी भाग उतरवून घ्या, शेजारच्या दोघांना बोलवा आणि पहिल्या पानापासून वाचायला बसा. उमेदवार कोण, ते नंतर ठरवू.

(पुढील भागात : निवडणूक खर्चाचा रोजचा हिशेब)