बदलापुरात घर घेताय? सॅम्पल फ्लॅटआधी पूररेषा बघा

ठाण्यात वन बीएचकेलाही न पुरणाऱ्या पैशांत बदलापुरात टू बीएचके मिळू शकतो, शिवाय मुलांना मोकळी हवा. ब्रोशरमध्ये उल्हास नदी मात्र फक्त 'रिव्हर व्ह्यू' म्हणून दिसते. 26 जुलै 2005 ला हीच नदी शहरात शिरली होती. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं.

नदीजवळचा प्रकल्प असेल तर पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. दोन्हींच्या मधे बांधकाम अटींवरच होतं, जोतं लाल रेषेच्या वर घ्यावं लागतं. पार्किंग कुठे आहे तेही विचारा. फ्लॅट सातव्या मजल्यावर असला तरी गाडी खालीच असते!

प्रकल्पाची मंजुरी, कार्पेट एरिया, ताब्याची तारीख महारेराच्या वेबसाइटवर दिसते. करार नोंदवण्याआधी 10 टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला कायद्याने घेताच येत नाही.

सीएसएमटी लोकलने सुमारे दीड तास. त्यामुळे साइट रविवारी बघितली तरी सोमवारी सकाळी आठच्या गर्दीत एकदा लोकल पकडून बघा.