विश्लेषण : मुलांच्या घरी पाच वर्षांचे ‘पाहुणे’! नाताळच्या सुट्टीत कॅनडाला जाणाऱ्या निवृत्त आईवडिलांनी काय पाहावे?

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा, सोसायटीचा मेंटेनन्स आगाऊ भरायचा, घराची किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवायची आणि डिसेंबरच्या मध्यावर मुलाकडे किंवा मुलीकडे कॅनडाला निघायचे. निवृत्त आईवडिलांचे हे वेळापत्रक अनेक मराठी घरांना ओळखीचे आहे. साध्या पर्यटक व्हिसावर हा मुक्काम एका वेळी सहसा सहा महिन्यांचा असतो. ‘सुपर व्हिसा’वर मात्र सलग पाच वर्षे राहता येते. एवढ्या काळासाठी जाणे म्हणजे फिरायला जाणे नव्हे, ते उतारवयात दुसरे घर थाटणेच असते. त्या घरात रुळताना व्हिसा, विमा, पेन्शन आणि पहिला हिवाळा या चार गोष्टी निर्णायक ठरतात.

डिसेंबरच का निवडला जातो?

मुख्य कारण मुलांची सुट्टी. कॅनडात शाळांना वर्षअखेरीस साधारण दोन आठवडे सुट्टी असते. २५ डिसेंबर आणि १ जानेवारी या देशभर सार्वजनिक सुट्ट्या आहेत. टोरंटो ज्या ऑन्टारियो प्रांतात आहे, तेथे २६ डिसेंबरलाही ‘बॉक्सिंग डे’ची सुट्टी मिळते. मुले-सुना-जावई घरी असतात, नातवंडे भोवती असतात, रस्त्यांवर रोषणाई असते. आईवडिलांना नवे घर दाखवायला यापेक्षा चांगला काळ नाही.

अडचण त्यानंतर सुरू होते. जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सगळे कामावर आणि शाळेत जातात. तेव्हा टोरंटोत सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि पाचच्या आत मावळतो. डिसेंबरअखेरीस तेथे दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो, तर मुंबईतला सर्वात लहान दिवसही अकरा तासांचा असतो. म्हणजे वर्षातल्या सर्वात गजबजलेल्या दोन आठवड्यांमागोमाग सर्वात शांत दोन महिने येतात. सुट्टीत दिसलेले घर आणि एरवीचे घर यांत मोठा फरक असतो.

सुपर व्हिसा नेमका काय आहे?

कॅनडाचे नागरिक किंवा कायमचे रहिवासी असलेल्यांच्या आईवडिलांसाठी आणि आजी-आजोबांसाठी हा व्हिसा डिसेंबर २०११ मध्ये सुरू झाला. तो दहा वर्षांपर्यंतचा असू शकतो आणि त्यावर अनेकदा ये-जा करता येते. सुरुवातीला एका वेळी दोन वर्षे राहता येत असे. जुलै २०२२ पासून ही मुदत पाच वर्षे झाली. त्यासाठी मुलाचे किंवा मुलीचे उत्पन्न कुटुंबातील माणसांच्या संख्येनुसार ठरलेल्या किमान पातळीइतके असावे लागते. आईवडिलांची वैद्यकीय तपासणी होते आणि खासगी आरोग्य विमा दाखवावा लागतो. मुले केवळ विद्यार्थी व्हिसावर असतील, तर हा मार्ग खुला नाही.

मात्र या व्हिसावर राहणारी व्यक्ती कायद्याच्या लेखी पाहुणीच असते. तिला नोकरी करता येत नाही. प्रांताची सरकारी आरोग्य योजनाही तिला लागू होत नाही. नव्याने स्थायिक होणाऱ्यांसाठी केंद्र सरकारच्या खर्चाने चालणारे इंग्रजीचे वर्गही मुख्यतः कायमच्या रहिवाशांसाठी आहेत. घरच्यांसाठी ‘आता इथेच राहा’ असलेला माणूस सरकारी कागदावर पाहुणा असतो. पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ या विसंगतीत आहे.

कायमचे रहिवासी होता येत नाही का?

त्यासाठी आईवडील व आजी-आजोबा प्रायोजन योजना आहे, पण तिचे दार अरुंद आहे. मुलांनी २०२० मध्ये नोंदवलेल्या इच्छापत्रांच्या यादीतूनच २०२१ ते २०२५ या काळात निमंत्रणे दिली गेली. त्यानंतर कॅनडात गेलेल्या किंवा तेव्हा नाव न नोंदवलेल्या मुलांना या वर्षांत संधीच नव्हती. क्वेबेक वगळता इतर प्रांतांत मुलांना आईवडिलांची २० वर्षांची आर्थिक हमीही लिहून द्यावी लागते. कायमचा रहिवास मिळाला तरी कॅनडात राहून तेथील वृद्धापकाळ पेन्शन घेण्यासाठी किमान दहा वर्षांचे वास्तव्य लागते. साहजिकच बहुतेक कुटुंबे सुपर व्हिसाकडे वळतात.

विम्यात कुठे फसगत होते?

सुपर व्हिसासाठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचे संरक्षण आणि प्रवेशाच्या दिवसापासून किमान एक वर्षाची मुदत आवश्यक असते. जानेवारी २०२५ पासून कॅनडाबाहेरच्या, पण तेथील वित्तीय नियामकाची मान्यता असलेल्या कंपन्यांचा विमाही चालतो. येथे दोन गोष्टी नजरेआड होतात.

पहिली म्हणजे मुदत. व्हिसा दहा वर्षांचा आणि मुक्काम पाच वर्षांचा असला, तरी विमा अनेकदा एकाच वर्षाचा घेतलेला असतो. त्याचे नूतनीकरण राहून गेले, तर रुग्णालयाचे पूर्ण बिल मुलांवर येते. वाढत्या वयाबरोबर हप्ताही वाढत जातो.

दुसरी गोष्ट आधीच्या आजारांची. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असेल, तर अनेक पॉलिसींमध्ये तो आजार ठरावीक काळ ‘स्थिर’ असण्याची अट असते. हा काळ पॉलिसीनुसार काही महिन्यांचा असू शकतो. या काळात गोळीचा डोस बदलला, नवे औषध सुरू झाले किंवा एखादी तपासणी सुचवली गेली, तरी आजार ‘अस्थिर’ ठरू शकतो. डिसेंबरात निघायचे म्हणून नोव्हेंबरात घाईने केलेल्या तपासणीनंतर औषध बदलले आणि विमा कंपनीला कळवलेच नाही, तर ऐन वेळी दावा नाकारला जाऊ शकतो. त्यामुळे तपासण्या प्रवासाच्या बऱ्याच आधी उरकाव्यात आणि स्थिरतेची अट लेखी वाचून घ्यावी. नेहमीची तपासणी व औषधे या विम्यात सहसा नसतात, कारण तो मुळात तातडीच्या उपचारांसाठी असतो. सोबत स्वतःसाठी जास्तीत जास्त ९० दिवसांची औषधे नेता येतात. ती मूळ वेष्टनात असावीत आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी.

पेन्शन, बँक आणि कराचे काय?

हयातीचा दाखला दरवर्षी लागतो. केंद्र आणि राज्य सरकारच्या निवृत्तांना तो साधारणपणे नोव्हेंबरात द्यावा लागतो. केंद्राच्या ८० वर्षांवरील निवृत्तांसाठी ही सोय १ ऑक्टोबरपासून असते. यंदाचा दाखला देऊन निघालेल्यांना पुढचा कॅनडातून द्यावा लागेल. ‘जीवन प्रमाण’ची चेहरा ओळखून दाखला देण्याची सुविधा नोव्हेंबर २०२१ पासून उपलब्ध आहे. भारतीय दूतावासामार्फतही दाखला देता येतो. निघण्यापूर्वी मोबाइलवर हे ॲप एकदा चालवून पाहावे आणि आधारशी जोडलेला क्रमांक तपासावा.

तोच मोबाइल क्रमांक बँकेच्या ओटीपीसाठीही लागतो. ९० दिवस कोणताही वापर नसेल, तर क्रमांक बंद होऊ शकतो. तो परत मिळवण्यासाठी भारतात यावे लागू नये, म्हणून रिचार्जची जबाबदारी एका व्यक्तीवर ठरवून द्यावी.

प्राप्तिकराच्या दृष्टीने डिसेंबर सोयीचा आहे. १ एप्रिल ते १५ डिसेंबर हे २५९ दिवस होतात. भारतात १८२ किंवा अधिक दिवस राहिलेली व्यक्ती त्या आर्थिक वर्षात निवासी ठरते. प्रश्न पुढच्या वर्षाचा असतो. परकीय चलन कायद्यात दिवसांबरोबर हेतूही पाहिला जातो. काही महिन्यांसाठी जाणे आणि अनिश्चित काळासाठी जाणे यांत हा कायदा फरक करतो. दुसऱ्या प्रकारात बँकेला कळवून बचत खाते ‘एनआरओ’ खात्यात बदलावे लागते. त्या खात्यावरील व्याजातून ३० टक्के आणि उपकर अशी करकपात होते, तर ज्येष्ठांना निवासी म्हणून मिळणाऱ्या व्याजावरील सवलती थांबतात. मुदत ठेवींच्या व्याजावर घर चालवणाऱ्यांसाठी हा फरक मोठा आहे. सनदी लेखापालाचा सल्ला तिकीट काढण्यापूर्वीच घेतलेला बरा.

सुट्टीचे दोन आठवडे कसे वापरावेत?

मुले घरी असतात तेव्हा नायगारा आणि मॉल होतातच. पण जानेवारीत आईवडील एकटे बाहेर पडू शकतील का, हे याच दिवसांत ठरते. जवळच्या थांब्यावरून वाचनालयापर्यंत बसने दोनदा सोबत जाऊन यावे आणि तिसऱ्या वेळी त्यांना एकट्याने जाऊ द्यावे. टोरंटोच्या सार्वजनिक वाहतुकीत ६५ वर्षांवरील प्रवाशांना भाड्यात सवलत आहे. शहरात राहणाऱ्यांना सार्वजनिक वाचनालयाचे कार्ड मोफत मिळते. तेथे ऊब असते, वर्तमानपत्रे असतात आणि बसायला कोणाची परवानगी लागत नाही.

बुटांचा विचार कोटाइतकाच करावा. पदपथावरचा पारदर्शक बर्फ दिसत नाही आणि या वयात एक घसरणे म्हणजे खुब्याचे हाड मोडणे ठरू शकते. घराचा पत्ता, विम्याचा पॉलिसी क्रमांक, औषधांची यादी आणि तातडीचा ९११ हा क्रमांक एका कार्डावर लिहून पाकिटात ठेवावा. घराचे दार, हीटर, शेगडी आणि आगीची सूचना देणारा भोंगा कसे चालतात, हेही आईवडिलांच्या हातून करवून घ्यावे.

फोनचे वेळापत्रकही बसवावे लागते. हिवाळ्यात टोरंटो भारताच्या साडेदहा तास मागे असते. तेथे सकाळचे आठ वाजतात, तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. तेथील दुपारी, म्हणजे घर सर्वात रिकामे असताना, भारतातली माणसे झोपलेली असतात. त्यामुळे दुपारसाठी तिथलीच माणसे हवीत. त्या दृष्टीने जानेवारीच्या मध्यावर येणारी संक्रांत सोयीची आहे. तिळगुळाच्या निमित्ताने परिसरातल्या मराठी कुटुंबांशी ओळख झाली, तर उरलेला हिवाळा हलका जातो.

पुण्यातले घर विकावे का?

पहिल्या वर्षात तरी नको. पाहुण्याच्या दर्जाला हक्काचा आधार नसतो. मुलांची नोकरी, शहर किंवा घरातली परिस्थिती बदलली, विम्याचा हप्ता परवडेनासा झाला, तर परतायला स्वतःचे छप्पर लागते. घराची देखभाल, भाडे आणि कर यांपुरते मर्यादित कुलमुखत्यारपत्र विश्वासू नातेवाइकाच्या नावे निघण्यापूर्वी करून ठेवणे सोपे जाते. परदेशातून तेच करायचे तर दूतावासातील साक्षांकनापासून मुद्रांकापर्यंतचे टप्पे वाढतात.

निर्णय घ्यायचाच तर तो डिसेंबरच्या आनंदात घेऊ नये. जानेवारी ते मार्च तिथे काढून, रोजचा दिवस कसा जातो हे पाहून एप्रिलमध्ये घ्यावा. त्या चर्चेत मुलांनी आईवडिलांना विचारायचा प्रश्न ‘इथे आवडले का?’ हा नसावा. ‘आम्ही घरी नसताना दिवसभर काय करता?’ या प्रश्नाचे उत्तर जास्त खरे असते.